चोविसावं दार

२४ ऑक्टोबर

अखेर रबर आलं. बंधाऱ्याच्या दारांना लावायच्या रबरी पट्ट्या. जिल्हा परिषदेकडे तीन वर्षांत चार वेळा मागणी केली, दोनदा जाऊन बसले, एकदा साहेबांच्या टेबलाशी जरा मोठ्यानं बोललेसुद्धा. आज टेम्पोतून भेंडोळी उतरली तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी आधी पोच द्यायला पेन शोधलं. चौदा महिन्यांनी निवृत्ती आहे. आनंद व्हायला आता वेळ लागतो.

करंजवाडीच्या ओढ्यावर हा कोल्हापुरी बंधारा आहे. सहा गाळे, प्रत्येक गाळ्यात एकावर एक चार लोखंडी दारं. पावसाळ्यात दारं काढून ठेवायची, पाऊस उघडला की परत खाचांत बसवायची, म्हणजे वाहतं पाणी अडतं आणि रब्बीला कामी येतं. खात्यानं बंधारा बांधला आणि ग्रामपंचायतीच्या गळ्यात घातला. मी इथं ग्रामसेविका म्हणून आले त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत दारं एकदाही बसली नाहीत. रबर नाही, रबर नाही म्हणता म्हणता दरवर्षी ओढा वाहून गेला.

दुपारी बायनाबाई आल्या. त्यांचं दीड एकर रान ओढ्याला लागून, पण बंधाऱ्यापासून बरंच वर. दोन वर्षं विहिरीला पाणी नाही. वीटभट्टीवाल्यानं त्या रानाची माती मागितली आहे, तीन फूट खोल. त्याला ग्रामपंचायतीची ना हरकत लागते, तो अर्ज महिनाभर माझ्या टेबलावर पडून आहे.

"बाई, सही करून टाका," म्हणाल्या. "पोरगा म्हणायलाय, कोरड्या रानाकडं बघून काय करावं."

"तुमचं काय म्हणणं?"

"माझ्या सासऱ्यानं एकेक ढेकूळ फोडून केलेलं रान हाय ते. वरली काळी गेली की खाली नुसती चुनखडी. मंग तितं कुसळ बी येत न्हाई. पर इलाज काय?"

मी म्हटलं, "मावशी, अर्ज राहू द्या माझ्याकडं. यंदा बंधारा काठोकाठ भरणार. काठोकाठ भरला की तुमच्या विहिरीला पाझर येतो, हे तुम्हीच सांगितलंय मला. मग भट्टीवाल्याला म्हणा, दुसरं रान बघ." शब्द दिला. तीस वर्षांच्या नोकरीत शब्द देऊ नये एवढं तरी शिकायला हवं होतं.

जाताना बाहेरच्या फलकाला धरून त्यांनी चप्पल घातली. सगळी म्हातारी माणसं त्यालाच धरतात. माझ्या कारकिर्दीत गावानं वाखाणलेलं हे एकच काम. पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत, वर 'पाणी अडवा', खाली 'पाणी जिरवा'. रुजू झाले त्याच महिन्यात साहेबांची पाहणी होती म्हणून दोन दिवसांत करून घेतला. दणकट इतका की मागच्या वैशाखातल्या वावटळीत शाळेचे पत्रे उडाले, हा जागचा हलला नाही. कडेला आयती भोकं आहेत, पंधरा ऑगस्टला परमेश्वर शिपाई त्यांत पताकांची दोरी ओवतो.

२७ ऑक्टोबर

शाळेमागची खोली उघडली. चार्जच्या यादीत लिहिलंय, 'बंधाऱ्याचे दरवाजे २४, सुस्थितीत', आणि खाली माझी सही. खोलीत नऊ निघाले.

परमेश्वर म्हणाला, "मॅडम, परत मोजू का?" मोजून लोखंड वाढत असतं तर बरं झालं असतं.

सही केली त्या दिवशी मी ही खोली बघितलीच नव्हती. किल्ली सापडत नव्हती, आणि सोनपेठला घरी जायची शेवटची एसटी पावणेसहाला होती. आधीच्या भाऊसाहेबांनी 'आहेत हो सगळे' म्हटलं, मी सही ठोकली. आता पंधरा दारं कुठं शोधू? सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दोन माणसांना धड न उचलणारं एकेक धूड. हे चोरून लांब नेणं सोपं नाही. गावातच असणार.

प्रत्येकाच्या मागच्या अंगाला वेल्डिंगच्या थेंबांनी आकडे काढलेत. २-३ म्हणजे दुसऱ्या गाळ्यातलं तिसरं. कुणीतरी कधीतरी मन लावून काम केलं होतं.

२९ ऑक्टोबर

दवंडीऐवजी हल्ली व्हॉट्सअॅप. गावच्या ग्रुपवर टाकलं, 'ज्यांच्याकडे बंधाऱ्याचे दार असेल त्यांनी आणून द्यावे, कोणतीही कारवाई होणार नाही.' बत्तीस जणांनी हात जोडले. दार कुणी आणलं नाही.

संध्याकाळी निघताना बायनाबाईंचा मुलगा नागसेन हातगाड्यावर एक दार घेऊन आला. त्याचं चौकात वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं काम करायचं टेबल म्हणून त्यानं हेच वापरलं होतं.

"जयभीम मॅडम. हे घ्या. आमच्या आधी दुकान हुतं त्यानं आणून ठेवल्यालं. आता खाली बसून काम करतो."

मी नमस्कार केला, नोंद घेतली. थोडा वेळ तो दारातच उभा राहिला. बाहेर फलकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाकीची बी घेणार न्हव?"

"सगळी घेणार. एकही सोडणार नाही."

"मंग बरं हाय," म्हणाला आणि गेला. पोरगा तसा शहाणा वाटतो.

१ नोव्हेंबर

गावभर हिंडले. गुडघा सुजलाय.

पिठाच्या गिरणीची चढण म्हणजे बंधाऱ्याचं दार. मारुतीच्या पाराखालचा बाक म्हणजे दार. धुणं धुवायच्या दगडांवर आडवं टाकलेलं दार. दोन घरांत कणगीखाली, उंदरांसाठी. एका न्हाणीत उभं करून आडोसा केलाय, वर साबण ठेवायला खिळे ठोकलेत. लोकांनी चोरी केली असं म्हणवत नाही. लोखंड पडलं होतं, लागेल तसं उचललं, आणि आता विचारलं तर प्रत्येकाला वाटतं ते आपल्या लग्नात मिळालंय.

कडूबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून दार. त्या म्हणाल्या, "ह्ये न्हेलं तर लांडगा शेळ्या खाईल. तुमच्या पाण्यानं शेळ्या परत येत्यात का?"

"तुमच्या शेळ्यांना पाणीच पाजायचंय ना उन्हाळ्यात?"

"ते बी खरं हाय," म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. परमेश्वरनं कुडाचं दार करून द्यायचं कबूल केलं तेव्हा हललं. निघताना त्यांनी मागून विचारलं, "मॅडम, समद्यांचीच न्ह्यायलाव का गोरगरिबांचीच?" मी म्हटलं, सरपंचांच्या दारातलीही नेणार. त्या नुसत्या हसल्या.

३ नोव्हेंबर

सरपंच दत्तरावांच्या वाड्यापुढं नालीवर दोन दारं, वरून ट्रॅक्टर जातो. त्यांनी तीन दिवस लावले. आधी म्हणाले, ती दारं नव्हेत. मी मागचे आकडे दाखवले. मग म्हणाले, नालीवर सिमेंटचा पाइप ग्रामपंचायतीनं टाकून द्यावा. टाकून दिला. त्यांना वाईट वागता येत नाही आणि चांगलं वागायला जमत नाही, अशा माणसाशी तीन वर्षं काढायची म्हणजे पित्त होतं.

एकूण एकोणीस झाली.

६ नोव्हेंबर

तेवीस. आज सगळी दारं खाचांत उतरवली. आठ माणसं, दोर, पहार. रबर बसवायला नागसेन दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात होता. सांगून आला नव्हता. पाणी अडायला लागल्यावर त्याचा चेहरा बघून मलाही बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, लिहून ठेवते.

फक्त सहाव्या गाळ्यातलं वरचं दार नाही. म्हणजे तिथं दीड फुटाची खिडकी. पाणी तिथवर आलं की सगळ्या बंधाऱ्याचं त्या खिडकीतून जाणार. बाकी तेवीस दारं असून नसल्यासारखी, वरच्या दीड फुटासाठी. आणि बायनाबाईंच्या विहिरीला पाझर येतो तो नेमका त्या वरच्या दीड फुटात.

तूर्त तिथं फळ्या ठोकल्यात.

१० नोव्हेंबर

पाणी साडेचार फुटांवर आलं, ठोकलेल्या फळ्या वाहून गेल्या आणि ते खिडकीतून पडायला लागलं. आवाज दुरून ऐकू येतो. गावातली माणसं बघायला येतात, छान धबधबा झाला म्हणतात, फोटो काढतात. मला तो आवाज ऐकवत नाही.

यंदा पाऊस लवकर उघडला. ओढ्याची धार रोज बारीक होतेय. अजून तीन आठवडे टिकेल असं म्हातारी माणसं सांगतात.

दत्तराव म्हणाले, "मॅडम, डोकं कामून शिणवायल्यात? गावात लोखंड कापणारा कोण हाय? येकच माणूस. एक आणून दिलं, म्हंजी दुसरं पचलं."

मी म्हटलं, पुरावा काय? "पुराव्याला काय, त्याच्या दुकानात रोज ठिणग्या उडायल्यात." बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. चौघांच्या घरून मी दारं उचललेली आहेत, हे मला आत्ता लिहिताना सुचलं.

पण मुद्दा अगदीच वावगा नाही. एवढं जड लोखंड कापल्याशिवाय नाहीसं होत नाही.

११ नोव्हेंबर

नागसेनच्या दुकानात गेले. सरळच विचारलं.

"चोविसावं दार कुठंय?"

त्यानं तोंडावरची काच वर केली. माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी मला इचारायल्यात?"

"तर कुणाला विचारू?"

"तुमाला ठाव न्हाई?"

"ठाऊक असतं तर इथं आले असते का?"

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्या मायचा अर्ज तुमच्यापाशी हाय. मला तुमच्याशी तोंड वाजवायचं न्हाई. तुमाला ठाव नसंल तर मला बी न्हाई." आणि काच खाली ओढून ठिणग्या उडवायला लागला.

उर्मट. सहा तारखेला पाण्यात उभा राहिला म्हणून मी ह्याच्याबद्दल काय काय चांगलं लिहून बसले. अर्जाचं नाव घेऊन मलाच बोलतो. काहीतरी नक्की आहे ह्याच्या पोटात.

१३ नोव्हेंबर

ठाण्यात अर्ज दिला. शासकीय मालमत्ता, लोखंडी दरवाजा एक, गहाळ. जमादारांनी विचारलं, कुणावर संशय? मी म्हटलं, तसा नाही. ते म्हणाले, संशय नसेल तर अर्ज फायलीला लागून राहील. मग मी नाव सांगितलं. 'संशय' असाच शब्द घातला, 'आरोप' नाही.

घरी येऊन जेवले नाही. पित्त असावं.

१५ नोव्हेंबर

नागसेनला काल सकाळी ठाण्यात बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. विचारलं काही फारसं नाही म्हणे, नुसतं बसवलं. दुकान बंद होतं.

बायनाबाई आल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, माझ्या पोरानं न्हाई न्हेलं."

"मावशी, मी चोर म्हटलं नाही त्याला. चौकशी असते, नियम आहे."

"तेच म्हणते मी त्याला, नियम असंल. तो बोलतच न्हाई. म्हणतो, माय, त्या बाईला इचार." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पदर तोंडाला लावला. "मी म्हणलं, त्या बाईला काय इचारू, त्या तर आपल्यापाईच येवढ्या हिंडायल्यात."

मी म्हटलं, दार सापडलं की सगळं ठीक होईल. त्या गेल्या. नेहमीसारखं फलकाला धरून चप्पल घातली. आज नागसेन रस्त्यात दिसला, त्यानं जयभीम घातला नाही.

धार अजून बारीक झालीय.

१७ नोव्हेंबर

ठाण्यातून सांगितलं होतं की गहाळ दाराची सूचना दर्शनी भागात चिकटवा. परमेश्वर रजेवर. सूचनांच्या काचेच्या पेटीची किल्ली त्याच्याकडं. म्हटलं फलकाची मागची बाजू कोरी आहे, रस्त्यावरून दिसते, तिथं लावू. खळ घेतली, ब्रश घेतला आणि फासायला लागले. ब्रश अडखळला. परत फिरवला, परत त्याच जागी अडखळला. रंगाखाली काहीतरी उंचवटे होते. बोटानं चाचपलं. आधी सहा लागला. मग आडवी रेघ. मग चार.

सहा-चार.

ओल्या खळीच्या हातानं मी बाकीचा फलक तपासला. कडेची भोकं. दीड फुटाची रुंदी. खालच्या कडेला लोंबणारा जुन्या रबराचा तुकडा, ज्यावर मी दर सहा महिन्यांनी पांढरा रंग मारून घेते. रोज सकाळी पहिलं दर्शन ह्याचं. तीन आठवडे मी गावाच्या न्हाण्यांत डोकावून आले.

घरी आल्यावर माळ्यावरची पेटी काढली. तीन वर्षांपूर्वीची वही. मला आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही, पण अक्षर माझंच आहे. जसंच्या तसं उतरवते:

'पाहणी परवा. कार्यालयामागं लोखंडी पत्रा पडला होता, चौकातल्या वेल्डिंगवाल्या पोराकडून त्याला पाय जोडून घेतले. तो म्हणे, मॅडम हे बंधाऱ्याचं दार आहे. म्हटलं, असू दे, चोविसातल्या एका दारानं काय होतंय. रंगारी बरा मिळाला. फलक झकास झाला.'

१८ नोव्हेंबर

पहिल्या एसटीनं गेले. नागसेन दुकान उघडत होता. काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवलं होतं, समोर गेल्यावर एवढंच आलं, "फलक कापायचाय. दार आहे ते."

त्यानं मान हलवली. "व्हय."

"तू मला तेव्हाच सांगितलं होतंस."

"सांगितलं हुतं."

"मग परवा का नाही सांगितलंस? मी दुकानात आले, ठाण्यात बसवलं, तरी नाही?"

तो शटरला टेकून उभा राहिला. "आधी वाटलं इसरल्यात. मंग वाटलं, इसरत्याल कसं, रोज त्याच्यापुढूनच जात्यात. मंग तुमी माझं नाव दिलं. तवा वाटलं, यांना समदं ठाव हाय आन मुद्दाम करायल्यात. मंग काय बोलावं? आन ठाण्यात म्हणलं असतं, चोरी मॅडमच्या दारात हाय, तर कुणी ऐकलं असतं माझं?"

मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधत बसले नाही. "चुकले मी," म्हटलं. त्यानं कापायचं मशीन उचललं आणि माझ्या पुढं चालायला लागला.

पाय कापायला दहा मिनिटं लागली. तीन वर्षं उभा होता, दहा मिनिटांत आडवा. बंधाऱ्यावर लोक जमले. त्यानं विचारलं, "अक्षरं खरडू का?" म्हटलं, राहू दे. "कोणीकडं करू?" म्हटलं, पाण्याकडं कर, पाणी कुठवर चढलं ते तरी वाचता येईल.

सगळ्यांसमोर मी सांगितलं, दार मीच लावलं होतं, नागसेननं तेव्हाच बजावलं होतं, त्याचं नाव मी उगाच घेतलं. दत्तराव म्हणाले, "असंल चुकून झालेलं. कामाच्या गडबडीत हुतंच की." चौघांनी माना डोलावल्या. दहा तारखेला याच चौघांना 'चुकून' हा शब्द सुचला नव्हता. आणि मलाही नव्हता.

दार खाचेत उतरलं. धबधब्याचा आवाज थांबला.

१९ नोव्हेंबर

ठाण्यात जाऊन अर्ज मागं घेतला. जमादारांनी लिहिलं, 'सदर वस्तू कार्यालयाच्या आवारात मिळून आली.' मी म्हटलं, तसं नाही, मीच लावली होती असं लिहा. ते म्हणाले, "मॅडम, कशाला वाढवता, वर्षभर राहिलंय तुमचं." मी सही केली. गावात धीट झाले होते, तिथं नाही झाले.

परतताना कडूबाई भेटल्या. नवं कुडाचं दार लावून शेळ्या आत घेत होत्या.

"सापडलं म्हणं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अर्ध्या गावाला ठाव हुतं. आमाला वाटलं तुमी ठेवून घेतलंय. सरकारी माणसाला कुणी सांगावं, तुमचं दार द्या म्हणून?"

आणि त्या दिवशी माझ्या उत्तरावर त्या हसल्या ते बघून, बाई दिलखुलास आहे असं मी समजले होते.

२२ नोव्हेंबर

फलकाच्या खालच्या कडेपासून चार बोटं पाणी. 'जिरवा'चा जि भिजला.

रोज कार्यालयात जायच्या आधी बंधाऱ्यावर जाते. गुडघा नको म्हणतो.

२६ नोव्हेंबर

खालची ओळ पूर्ण बुडाली. वरच्या ओळीला अजून चार बोटं. धार आता मनगटाएवढी राहिलीय. बायनाबाई विहिरीत वाकून बघत होत्या, मला हाक मारून बोलावलं. तळाशी ओल सुटलीय, थोडं चमकतंय. "येतंय बगा," म्हणाल्या. मी रडेन की काय असं वाटलं, म्हणून लवकर निघाले.

१ डिसेंबर

धार करंगळीएवढी. पाणी 'अडवा'च्या पायाशी येऊन थांबलंय. कालही तिथंच होतं.

पहिल्या दिवशी दार लावलं असतं तर? दहा नोव्हेंबर ते अठरा नोव्हेंबर, धार मांडीएवढी होती तेव्हाचे आठ दिवस. ते सगळं पाणी खिडकीतून गेलं आणि मी ठाण्यात संशयाचं स्पेलिंग नीट लिहिलंय का बघत होते. नागसेननं विहिरीवर मोटार लावून बघितली. पाऊण तास चालते, मग गुळण्या टाकते. त्यानं मला हे स्वतः येऊन सांगितलं.

५ डिसेंबर

ओढा आटला. बंधाऱ्यात पाणी आहे तेवढं आहे. खालच्या सगळ्या विहिरी भरल्या, गावात लोक खूश आहेत, दत्तरावांनी फोटो टाकलाय, मीही त्यात कडेला उभी आहे. पंचायत समितीनं शाबासकीचं पत्र पाठवतो म्हटलंय.

दुपारी बायनाबाई आल्या.

"बाई, ती दरखास्त काढा."

मी खणातून काढली.

"दीड एकर लिवलंय न्हव? त्यातलं अर्धा खोडा. अर्धा एकर भिजतंय पाऊण तासात, तितं गहू टाकतो म्हणायलाय पोरगा. बाकी एकराची माती न्हेऊ द्या त्याला."

"मावशी, पुढच्या वर्षी ऑक्टोबरातच दारं बसवू. मी असेन तोवर मी बघते. एक वर्ष थांबा. माती एकदा गेली की गेली."

"मला ठाव हाय की ते." त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, थकलेल्या माणसानं दुसऱ्या थकलेल्याकडं बघावं तसं. "दोन साल थांबलाव. तिसरं तुमच्या म्हणन्यावर थांबलाव. आता पोरगा थांबत न्हाई. त्या दिसापून तो लय बोलत बी न्हाई."

मला सांगायचं होतं की तो वरचा एक एकर माझ्यामुळं गेला. तोंडापर्यंत आलं. त्यांना ठाऊक होतं, म्हणून बोलले नाही. बोलले असते तर त्यांनाच मला समजावत बसावं लागलं असतं.

'दीड' खोडून 'एक' केलं. शेजारी छोटी सही, खाली मोठी सही, शिक्का. त्यांनी कागद पदरात घेतला, "येते बाई," म्हणाल्या.

दारात त्यांनी चप्पल पायाशी ओढली आणि तोल सावरायला सवयीनं हात फलकाकडं नेला. तिथं आता दोन खड्डे आहेत. हात तसाच थोडा वेळ राहिला. मग भिंतीला धरून त्यांनी चप्पल घातली.